मयताची रुई

फोमच्या गाद्यांचा टेम्पो भातकुलीच्या चौकात येऊन उभा राहिला की नसीमबानो हातचं काम टाकून दाराशी यायची. टेम्पोवर भोंगा, भोंग्यात सिनेमाचं गाणं, आणि गाणं मधेच तोडून एक जण ओरडायचा, "जुनी गादी द्या, नवी घेऊन जा, हप्त्यानं घ्या." बाया टेम्पोभोवती जमायच्या, गादीवर मूठ दाबून पाहायच्या, आणि मूठ उचलली की फोम फुगून वर आला म्हणून खूश व्हायच्या. नसीमबानो दाराआडून हे पाहायची आणि घरात येऊन उगाच भांडी आपटायची.

"पाहा, पाहा जरा," ती नवऱ्याला म्हणायची. "घराघरात कापूस पडून हाय, भाव नाई म्हनून कोनी इकत नाई, अन् ह्या बाया रबर घेऊन जाऊन राह्यल्या."

ताहेर, तिचा नवरा, पिंजारी माणूस. त्याचं घराणं इतकी वर्षं भातकुलीत होतं की दुआ उर्दूत मागायची आणि भांडायचं वऱ्हाडीत, अशी घरची वहिवाटच पडली होती. खांद्यावर धनुष्यासारखं पिंजण टाकून तो खारपाणपट्ट्यातली गावं फिरायचा. पूर्वी एका गावात शिरला की दोन-दोन दिवस तिथून निघणं व्हायचं नाही. आता सकाळी गेलेला माणूस दुपारी कोरडा परत यायचा आणि पिंजणाची तात उगाच बोटानं टणटण वाजवत ओसरीवर बसायचा. त्या आवाजानं नसीमबानोचं डोकं उठायचं.

पण खरं सांगायचं तर त्या फिरस्तीच्या कामाची तिला हौस होती असंही नाही. पिंजाऱ्यानं काम करायचं ते मालकाच्या अंगणात. मालकाची रुई, मालकाची खोळ, आणि समोर पाट टाकून बसलेली घरची बाई. ताहेर पिंजायचा, नसीमबानो खोळ भरून टाके घालायची, आणि ती बाई या दोघांच्या हाताकडे नजर लावून बसायची. रुईचा पुंजका कुठं इकडचा तिकडे जाऊ नये म्हणून. माणसं वाईट नव्हती. जेवू घालायची, लेकरांसाठी बोरं बांधून द्यायची. पण पाटावरून उठायची नाहीत. एका घरच्या सासूबाईंनी तर निघताना हसत हसत म्हटलं होतं, "पदर झटकून जाजो वं, कापूस चिकटते." नसीमबानोनं पदर झटकला होता. पदरातून काही पडलं नव्हतं. घरी येईस्तोवर रस्ताभर तिच्या कानशिलात आग होती, आणि इतकी वर्षं झाली तरी ती आग पुरती विझली नव्हती.

त्यामुळे त्या हिवाळ्यात वानखडे मॅडम जीपमधून उतरल्या तेव्हा सगळ्यात आधी नसीमबानोनंच त्यांना खुर्ची दिली.

वानखडे मॅडम अमरावतीहून यायच्या. लहान धंदेवाल्यांना बाजारात टिकायला शिकवायचं, असा कसलासा प्रकल्प होता. बाई मोठी उमदी. ओसरीवर मांडी घालून बसायच्या, नसीमबानोच्या हातचा चहा बशीत ओतून प्यायच्या. त्यांनी पिंजाऱ्यांची चार घरं एकत्र केली, जुन्या जिनिंग कारखान्यातलं टिनाचं एक शेड मिळवलं आणि त्यात विजेवर चालणारी पिंजायची मशीन बसवून दिली. चिखलदऱ्याच्या एका लॉजवाल्याकडून गाद्यांची ऑर्डरही आणली.

"गादी तुमची चांगलीच असते हो, ताहेरभाऊ," त्या म्हणाल्या. "पण एक अशी, एक तशी. लॉजवाल्याला सगळ्या एकसारख्या हव्यात, आणि सांगितलेल्या दिवशी हव्यात. फोमवाला तेच तर देतो. वेग आणि एकसारखेपणा, या दोन गोष्टी धरा. मग कोणी तुम्हाला बाजारातून उठवू शकत नाही."

आणि मशीनच्या पट्ट्यापासून हातभर लांब त्यांनी एक दोर बांधायला लावला. दोराच्या आत गटाची माणसं, बाकी सगळे बाहेर. पट्ट्यात कोणाचा पदर गेला तर केवढ्याला पडायचं!

तो दोर नसीमबानोला मशीनपेक्षाही आवडला.

माघात लग्नं निघाली. मशीनची बातमी गावोगाव गेली आणि गिऱ्हाईक आपल्या पायानं शेडवर येऊ लागलं. त्यातच एका बाजाराच्या दिवशी कौशल्याबाई आल्या. महादेवरावांच्या घरच्या. कोसावरच्या गावात काळ्या रानाचा बऱ्यापैकी तुकडा, आणि धाकट्या लेकीचं, सीमाचं, लग्न मोर्शीकडे ठरलेलं. संत्र्याचे बगीचे असलेलं तालेवार घर. कौशल्याबाईंनी ऑटोतून रुईचं गाठोडं उतरवलं. स्वतः वेचलेला कापूस, स्वतः निवडलेला. कवडी नाही, पानाचा चुरा नाही. त्यांच्यासोबत शेजारची चतुराबाई होती, नत्थुजीची सून. ती बाजारासाठी आली होती.

"पाट आन वं, नसीम," कौशल्याबाई म्हणाल्या. "लेकीची गादी हाय. मी बसतो अठीसाच."

आता नसीमबानोनं काय करावं? "पाह्यतो" म्हणून एखादं पोतं टाकलं असतं दोराच्या बाहेर, तर बिघडत काही नव्हतं. पण तिच्या तोंडून अगदी गोड आवाजात निघालं, "नाई काकू. कोनाले बसू देत नाई आमी. मॅडमचा कायदा हाय. तुमी बाजार करा, आरामात घरी जा. गादी घरपोच येईन."

"अवं पन आजलोक..."

"आजलोक पिंजन होतं. आता मशीन हाय."

कौशल्याबाईंनी गाठोड्यावर हात ठेवला, काढला. मग चतुराबाईला घेऊन बाजाराकडे वळल्या. नसीमबानोला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! वाकलेली पाठ कोणी सरळ करून दिल्यासारखं.

आणि तिथंच गफलत झाली.

त्या भागात रीत अशी की माणूस मेलं की त्याचं अंथरूण घरात ठेवत नाहीत. गादी पिंजाऱ्याला देऊन टाकतात. पिंजारी ती मुकाट घेतो, पण तिची रुई माणसाच्या अंथरुणात घालत नाही. बैलाच्या मानेवर, जुवाखाली घालायच्या गाद्या, जीपची सीटं, सायकलरिक्षाची बैठक, तिथं ती जाते. हे कोणी कोणाला शिकवत नाही, कोणी विचारतही नाही. ताहेरच्या बापानं आयुष्यभर पाळलं, ताहेरनं पाळलं. हातानं पिंजताना चूक व्हायचा सवालच नव्हता. समोरचा ढीग संपला, जागा झाडली, की मगच दुसरा ढीग.

त्या सकाळी ताहेरचा धाकटा भाऊ अजहर जीपवाल्याच्या सीटची रुई मशीनवर घालत होता. रुई होती नत्थुजीच्या आईच्या गादीतली. म्हातारी पंधरवड्याखाली गेली होती. काम निम्मं झालं आणि लाईन गेली. भारनियमनाचे दिवस, लाईन कधी यायची याचा नेम नाही. अजहर चहाला गेला. म्हातारीची पट्ट्यापट्ट्यांची खोळ तिथंच जमिनीवर पडलेली, आणि अर्धी रुई मशीनच्या पेटीत.

लाईन आली तेव्हा शेडमध्ये नसीमबानो एकटी होती. संध्याकाळी लॉजच्या गाद्या न्यायला टेम्पो यायचा होता, लाईन पुन्हा कधी जाईल याचा भरवसा नव्हता. तिनं पेटीत वाकून पाहिलं नाही. कौशल्याबाईंचं गाठोडं सोडलं, रुई ओतली आणि खटका दाबला.

मशीन घरघरली. दुसऱ्या तोंडातून रुई बाहेर पडू लागली. पांढरीशुभ्र, आणि मधेमधे पिवळट.

तिनं खटका ओढला. पेटीत हात घालून पिवळट पुंजके उपसून काढले, बाहेर आलेल्या ढिगात गुडघ्यावर बसून बोटांनी शोधू लागली. मोठे पुंजके हाती लागले. पण मशीन ती मशीन. जे बारीक पिंजलं गेलं होतं ते पांढऱ्यात असं मिसळलं होतं की कोणाच्या बापाला वेगळं करता आलं नसतं.

ताहेर आला तेव्हा ती तशीच बसलेली. त्यानं ढिगाकडे पाहिलं, जमिनीवरच्या खोळीकडे पाहिलं, आणि त्याला सगळं समजलं.

"कोनाले दिसते?" तो म्हणाला.

"मले दिसते."

"मूठभर असंन."

"मूठभर काय अन् पायलीभर काय! लेकीची गादी हाय. तिनं सोताच्या हातानं कापूस येचला."

"मंग काय करू सांग. हे फेकून देऊ? अन् दुसरी रुई आनून भरली तर तो बी धोकाच हाय. तिले तिचा कापूस पायजे. सांगतलं तर शेडात कोनी पाय ठेवनार नाई. चार घरं हायेत, नसीम. आपलं एकटं नाई."

खोळ भरली गेली. नसीमबानोनंच भरली. दाभण हातात घेऊन टाके घातले, ओळीत, एकसारखे. दुसऱ्या दिवशी ताहेर गादी पोचवून आला आणि ओसरीवर बसून म्हणाला, "कौशल्याकाकूनं चहा पाजला. लग्नाले या म्हने."

ते ऐकून तिला रडूच कोसळलं.

मग तिच्या जिवाला चैन म्हणून राहिली नाही. भाकरी थापताना तव्यावरची करपायची. शेडमध्ये गेली की आधी पेटीत वाकून पाहायची, मग खटका दाबायची, आणि पुन्हा खटका ओढून पेटीत पाहायची. अजहर वैतागायचा. "काय भाभी, साप हाय का तिच्यात?" अंगणात मेथी निवडत बसली की हातातली जुडी तशीच राहायची आणि ही कुठंतरी तिसरीकडे. चुकून घातलं हे एक झालं. पण कौशल्याबाई बसते म्हणत होती, आणि आपण नाही म्हटलं. ती बसली असती तर? ती पेटीजवळ असती तर तिनं आधी पेटी दाखव म्हटलं असतं. त्या डोळ्यांची इतकी चीड होती आपल्याला, आणि ते डोळे आपल्यालाच सांभाळत होते. हे मनात आलं की ती उठून उगाच पाणी प्यायची.

चिखलदऱ्याच्या लॉजवाल्याला गाद्या आवडल्या. वानखडे मॅडम पेढे घेऊन आल्या. "आणखी ऑर्डर आहे," त्या म्हणाल्या. "तुमच्यासारखा गट माझ्याकडे दुसरा नाही."

नसीमबानोनं पेढा हातातच ठेवला. "मॅडम, एकाची रुई दुसऱ्याच्या रुईत मिसळली, तं?"

"मिसळायलाच हवी की! तेव्हाच तर सगळा माल एकसारखा येतो," मॅडम मनापासून म्हणाल्या. त्यांचं काही चुकत नव्हतं. लॉजच्या गादीला ना आई ना बाप.

लग्नाच्या दिवशी सकाळी नसीमबानोनं डोक्यावर ओढणी घेतली आणि ताहेरला म्हटलं, "मी सांगून येतो."

"आज? लगनाच्या दिवशी?"

"पोरगी त्या गादीवर निजायच्या आंदी."

ताहेर दारात आडवा उभा राहिला. मग बाजूला झाला. "शेड बंद पडलं तं अजहरले तू सांगजो," एवढंच म्हणाला.

पाऊलवाटेनं ती निघाली. दोन्ही बाजूंनी तुरीचे कापलेले बुंधे, पायात रुतणारे. वाऱ्यानं धूळ तोंडावर येत होती. अर्ध्या वाटेत ती दोनदा थांबली, आणि एकदा तर चार पावलं माघारीही फिरली.

मांडवात पोचली तर आवाजाचा पत्ता नाही. वाजंत्री एका कडेला बसलेले, नवरदेवाकडची माणसं दुसऱ्या कडेला, आणि मधे आंदण मांडलेलं. कपाट, पितळेची भांडी, पलंग, पलंगावर ती गादी. गादीपासून चार हात लांब माणिकबाई उभ्या होत्या. नवरदेवाची आत्या, हिरवं लुगडं, कपाळभर कुंकू. चतुराबाई खांबाआड तोंड लपवून उभी. आदल्या दिवशी हळदीत तिच्या तोंडून निघून गेलं होतं. आमच्या म्हातारीची खोळ मी शेडात पाह्यली, कौशल्यावैनीच्या गाठोड्यापाशीच पडली होती. वाईट मनानं नाही, आपलं बोलता बोलता. पण हळदीतली गोष्ट वरातीपर्यंत जायला काय वेळ लागतो.

"अठी ते पिंजारीनच आली," कोणीतरी म्हटलं.

सगळ्यांची तोंडं वळली. नसीमबानोनं ओढणी पुढं ओढली. तेवढ्यात कौशल्याबाईंनी तिचा दंड धरला आणि ओढत गोठ्याकडे नेलं. बैल रवंथ करत बसले होते. शेणामुताच्या वासात दोघी समोरासमोर.

"माह्या डोयात पाहून सांग."

"व्हय, काकू." नसीमबानोनं पाहिलं. "पेटीत राह्यली होती. मी न पाह्यता तुमची ओतली. दिसन तेवढी काढली. सगळी नाई निंगाली."

कौशल्याबाईंचा हात वर गेला. नसीमबानोनं मान हलवली नाही. लागली असती तर बरंच वाटलं असतं तिला. हात तसाच खाली आला आणि बैलाच्या पाठीवर पडला.

"मी बसतो म्हनलं होतं तुले."

"व्हय."

"बसू काहून नाई देल्लं?"

खोटं बोलता आलं असतं. कायदा, दोर, मॅडम. "बरं वाटलं मले," नसीमबानो म्हणाली. "तुमाले उठोलं, तं बरं वाटलं. जलमभर तुमी साऱ्या जनी समोर बसून माह्ये हात पाहत आल्या, काकू."

कौशल्याबाईंना हे अगदीच नवीन होतं. या बाईला हातांचंही वाईट वाटतं, हे त्यांच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. मग त्या म्हणाल्या, "यापुढं आमच्या घरचं काई आलं तं मी बसन. पेटी आंदी मले दाखवशीन. वाईट वाटलं तं वाटो."

"बसा."

"अन् आता तोंड बंद ठेव. मी इचारीन तवाच उघडजो."

त्या मांडवात परतल्या. नसीमबानो मागे. माणिकबाई वाटच पाहत होत्या. "हे पाहा बाई," त्या नसीमबानोला म्हणाल्या, "आमाले वाद नाई पायजे. तुय्या पोराची कसम खाऊन सांग, गादीत मयताची रुई नाई. मी आत्ता उचलतो गादी अन् गाडीत टाकतो."

नसीमबानोच्या डोळ्यासमोर शेड होतं, अजहरची लेकरं होती, आणि आत खोलीत मुंडावळ्या बांधून बसलेली सीमा होती. खोटी कसम खाल्ली की सगळं वाचत होतं. आणि तिच्या पोराचं नाव ओठावर येत नव्हतं.

"तिले कसम नोका घालू," कौशल्याबाई म्हणाल्या. "हे गादी तुमची नाईच. कोन म्हनलं तुमची हाय?"

"आंदनात मांडली ना?"

"पोट्ट्यांनी मांडली, चुकून. हे माही हाय. सीमासाठी मी माही देऊन राह्यली, माह्या मायनं मले देल्ली ते. माह्या लगनापासून मी तिच्यावर निजली, चार लेकरं तिच्यावर झाली. पांढरी रुई काय, कुठीबी भेटते. मायची नाई भेटत." त्यांनी मागं न पाहता हाक मारली, "अवो, आयकलं का? आतली माही गादी आना."

महादेवराव फेट्याचं टोक हातात धरून उभे होते. त्यांना यातलं अक्षर ठाऊक नव्हतं. पण इतक्या वर्षांच्या संसारात बायकोचा असा आवाज त्यांनी फार थोड्या वेळा ऐकला होता. ते मुकाट आत गेले आणि जुनी, जड, मधे खोलगट झालेली गादी पाठीवर घेऊन आले. माणिकबाईंनी तिच्यावर हात फिरवला. काठाशी घट्ट बारीक टाके होते. त्यांचा चेहरा हळूहळू सैल झाला. त्याही कोणाच्या तरी लेक होत्या.

"मायची हाय म्हनता, तं मंग काय," त्या पुटपुटल्या.

पण बाकीचे डोळे अजून नव्या गादीवरच होते. सोयरीक वाचली होती. गोष्ट मेली नव्हती. ती मांडवातून उठून दहा गावांत जाणार होती, आणि शेडच्या दाराला कुलूप लावणार होती. नसीमबानोला ते दिसत होतं. कौशल्याबाईंनाही दिसत असावं. त्या पलंगाजवळ गेल्या, नवी गादी ओढून मांडवाच्या मधोमध जमिनीवर टाकली आणि शालू सावरत तिच्यावर आडव्या झाल्या. लग्नघरची यजमानीण, भर दुपारी, सगळ्या सोयऱ्यांसमोर. वाजंत्रीवाल्यांनीही माना वळवल्या.

"ये वं, नसीम," त्या पडल्या पडल्या म्हणाल्या. "बाजूनं नीज."

"काकू..."

"तुय्या हातची हाय ना? नीज म्हनतो ना मी."

नसीमबानो गुडघे टेकून बसली, आणि मग ओढणी सावरून कडेला आडवी झाली. वर मांडवाचं कापड, त्यातून येणारं ऊन. भोवती बायांच्या पायांची कडी, जोडवी, धुळीनं भरलेल्या टाचा. तिला वाटलं होतं, अंगाला काटा येईल, म्हातारी आठवेल. तसं काही झालं नाही. पाठीला लागली ती एकसारखी भरलेली, कुठे गोळा नाही, कुठे खड्डा नाही अशी गादी. इतकी सफाई ताहेरच्या हातालाही कधी आली नव्हती. अशा वेळीसुद्धा आपल्याला कामच दिसतं याची तिला लाज वाटली, आणि डोळ्यांतून पाणी कानांकडे ओघळू लागलं.

कौशल्याबाईंनी कूस बदलली. त्यांचं तोंड आता नसीमबानोच्या अगदी जवळ होतं. त्या डोळ्यांतला राग गेला नव्हता, जायचाही नव्हता एवढ्यात. त्यांनी तळहातानं गादी दाबून पाहिली, एकदा, दोनदा, आणि मांडवाच्या शेवटच्या रांगेतल्या बाईलाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या,

"मऊ केली वं, पिंजारीन."